विचारा की! : बहिरेवाडीचे नाईक, गारगोटीचं विद्यापीठ आणि घरी येऊन वाचायला लावणारी पोरं

मंडळी, नमस्कार. गेल्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेलो की शाळा सुधारायचे जेवढे अहवाल निघाले तेवढ्या शाळा जरी सुधारल्या असत्या तरी आपलं भागलं असतं, आणि ती ओळ बऱ्याच जणांना झोंबली, काहींना आवडली, काहींनी तर व्हॉट्सॲपवर एवढं मोठं पाठवलं की वाचता वाचता चहा गार झाला. म्हणून यावेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत, म्हणजे शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या आणि शाळा सुधारायला निघालेल्या संस्था. मी स्वतः बत्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत गुरुजी होतो, त्यामुळं आतलं थोडं ठाऊक आहे आणि थोडा रागही आहे, दोन्ही दिसेल, सांभाळून घ्या.

प्रश्न : पुण्यात कोथरूडला मुलीकडं गेलो होतो. तिथं जे. पी. नाईक पथ अशी पाटी बघितली आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन नावाची संस्था. जावई म्हणाले, हे नाईक तुमच्याच कोल्हापूरचे की. मला नावच माहीत नव्हतं, लाज वाटली. कोण हे, आणि ही संस्था नक्की करते काय? (निवृत्त बँक कर्मचारी, राजारामपुरी)

उत्तर : काका, लाज वाटून घेऊ नका, मला स्वतःला डीएड झाल्यावर सात-आठ वर्षांनी कळलं, आणि मी तर त्याच धंद्यातला. जावई म्हणतात ते खरं आहे. जे. पी. म्हणजे जयंत पांडुरंग नाईक, जन्म १९०७ चा, गाव बहिरेवाडी, तालुका आजरा. (हे त्यांचं मूळ नाव नव्हे बरं का, पण ते शेवटच्या प्रश्नात येतंय.) १९३० च्या आंदोलनात उडी घेतली, बळ्ळारीच्या तुरुंगात गेले, तिथं आजारी कैद्यांची सेवा केली, सुटल्यावर नोकरीबिकरी न बघता धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरी गावात जाऊन राहिले आणि तिथं ग्रामसुधारणेचं काम केलं. पुढं कोल्हापूर संस्थानच्या विकासाच्या कामात आले. आणि हे सगळं चालू असताना १९४३ साली सय्यद नुरुल्ला यांच्या बरोबर ब्रिटिश काळातल्या भारतीय शिक्षणाचा जाडजूड इतिहास लिहून मोकळे झाले, जो पुढं बीएडच्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेसाठी घोकला, लिहिणारा माणूस आजऱ्याकडचा आहे हे न कळता.

आता संस्था. १९४८ साली मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन निघाली. त्या काळी मास्तर तयार करणारी कॉलेजं होती, शाळा काढणाऱ्या संस्था तर आपल्याकडं ढिगानं होत्या, पण शिक्षण ह्याच विषयाचा अभ्यास करायचा, आकडे गोळा करायचे, जुने कागद उपसायचे, सरकारच्या खात्याबाहेर राहून आणि नफ्याचा विचार न करता, असं कोण करत नव्हतं फारसं. नाईकांच्या बरोबर यात आर. व्ही. परुळेकर होते आणि त्यांची गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरा लांब आहे.

झालं असं की १९३१ साली लंडनमध्ये गांधीजी बोलून गेले की पन्नास-शंभर वर्षांपूर्वी होता त्यापेक्षा आज हिंदुस्थान जास्त निरक्षर आहे आणि त्याला इंग्रज राज्य जबाबदार आहे. सर फिलिप हार्टॉग नावाचे एक साहेब हात धुऊन मागं लागले, पुरावा द्या म्हणून. वाद कित्येक वर्षं चालला. परुळेकरांनी भाषणं ठोकण्यापेक्षा वेगळं केलं, ते मुंबई इलाख्याच्या जुन्या दप्तरात शिरले. १८२० ते १८३० च्या दरम्यान सरकारनं कलेक्टरांकडनं गावोगावच्या देशी शाळांची माहिती मागवलेली, किती शाळा, किती पोरं, पंतोजीला काय मिळतं वगैरे. सगळ्या इलाख्यात मिळून सतराशेच्या आसपास शाळा भरल्या, आणि हा आकडा दाखवून साहेब लोक म्हणायचे, बघा, काही नव्हतंच इथं. परुळेकर काय म्हणाले, तर हा आकडाच कमी आहे, कारण मोजणाऱ्यानं नजरेला पडेल ती शाळा मोजली, घरात, ओसरीवर, बापाकडनं किंवा घरी ठेवलेल्या पंतोजीकडनं जे पोर शिकत होतं ते कुणी मोजलंच नाही. ते जुने कागद त्यांनी नीट संपादून छापले, आजही अभ्यासकांना लागतात.

मला ही गोष्ट एवढी का आवडते सांगू? आम्हीपण तेच केलंय हो. वरनं तक्ता यायचा, "अप्रगत विद्यार्थी किती", सोमवारी सकाळी पाहिजे म्हणायचे, आणि आम्ही रविवारी घरी बसून, एका हातात भजी आणि एका हातात पेन, भरून टाकायचो. मी स्वतः एकदा पटावर नसलेल्या पोरीला "ब" श्रेणी दिलेली, ती दोन वर्षांपूर्वीच इचलकरंजीला गेलेली. त्या तक्त्यावरनं पुढं कुणीतरी पीएचडी केली असेल तर देव त्याचं भलं करो.

पुढं १९७६ मध्ये संस्था मुंबईहून पुण्याला हलली. नाईक तोवर दिल्लीत फार मोठी माणसं झालेली, देशाच्या सगळ्या शिक्षणाचा विचार करायला नेमलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव, भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद १९६९ ला निघाली तिचे पहिले सदस्य-सचिव, १९७४ ला पद्मभूषण. आणि एवढं असून ह्या कामाचा पगार घ्यायचे महिना एक रुपया. दिल्ली सोडून ते पुण्यात संस्थेत आले आणि १९८१ च्या ३० ऑगस्टला गेले. त्यांच्यामागं संस्था सांभाळली ती चित्राबाई नाईकांनी, त्यांच्या पत्नी, पण नुसती "यांची पत्नी" म्हणून ओळख दिली तर अन्याय होईल, कारण बाई स्वतः शिक्षणातल्या डॉक्टरेट, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या, राज्याच्या शिक्षण संचालक, पुढं केंद्राच्या नियोजन मंडळाच्या सदस्य.

संस्था करते काय विचारलंत तर पीएचडीचे अभ्यास (पूर्वी एमफिलचेही), सर्वेक्षणं, "शिक्षण आणि समाज" हे मराठी त्रैमासिक, हे आहेच. पण मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात भारी काम १९७९ ला सुरू झालेलं. पुणे जिल्ह्यातल्या गावांत ९ ते १४ वयाची जी पोरं शाळेत जात नव्हती, म्हणजे गुरं राखणारी, धाकटं भावंड सांभाळणारी, त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग, शिकवणारा त्याच गावचा पोरगा किंवा पोरगी, वेळ कुठली ते गावानं ठरवायचं. पुढं याला प्रोपेल असं नाव पडलं. यात बघा, वर्ग चालवणं हेच संशोधन होतं. कंदील कुठं टांगायचा इथपासून ते पोरगी वर्गाला का येत नाही इथपर्यंत सगळं बघायचं, लिहून ठेवायचं आणि त्यावरनं पुढच्या महिन्याचा वर्ग बदलायचा. येणाऱ्यांत मुलीच जास्त असायच्या, कारण दिवसा शाळेत न जाणाऱ्याही त्याच जास्त होत्या, दुसरं काय.

प्रश्न : आमच्या गारगोटीत मौनी विद्यापीठ आहे पण डिग्री शिवाजी विद्यापीठाची मिळते. मग विद्यापीठ कशाला म्हणायचं? पाव्हणे चेष्टा करतात. (कॉलेज विद्यार्थिनी, भुदरगड तालुका)

उत्तर : पाव्हण्यांना सांग, आमचं विद्यापीठ तुमच्या विद्यापीठापेक्षा जुनं आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, मौनी त्याच्या दहा वर्षं आधीचं. नाव पाटगावच्या मौनी महाराजांचं, ज्यांच्या दर्शनाला शिवाजी महाराज गेले होते असं आपण लहानपणापासून ऐकतो ते.

आता "विद्यापीठ" का, तर त्यामागं त्या काळचं एक स्वप्न होतं. राधाकृष्णन आयोगानं १९४८-४९ मध्ये म्हणलेलं की खेड्यासाठी वेगळी विद्यापीठं पाहिजेत, शहरातल्या कॉलेजची नक्कल नको. व्ही. टी. पाटील आणि जे. पी. नाईक (होय तेच, वरच्या प्रश्नातले) यांनी गारगोटी निवडली. आज एसटीनं तासा-दीड तासात पोचतोय म्हणून वाटत नाही, पण त्या वेळची गारगोटी म्हणजे वेदगंगेच्या खोऱ्यातलं डोंगराकडचं गाव, पाऊस लागला की लागला. बालवाडीपासून कॉलेजपर्यंत सगळं एकाच आवारात, शिक्षक तिथंच तयार व्हायचे, शेती, बांधकाम, गावचा रस्ता हे अभ्यासाचे विषय. १९५६ मध्ये केंद्र सरकारनं देशात दहा ग्रामीण उच्चशिक्षण संस्था निवडल्या त्यात गारगोटी होती, तमिळनाडूचं गांधीग्राम, बंगालचं श्रीनिकेतन, दिल्लीची जामिया, अशांच्या पंगतीत. तुमच्या इंजिनिअरिंगवाल्या आयसीआरईच्या नावात "सिव्हिल" बरोबर "रूरल" आहे ना, ते उगीच नाही, तो त्याच काळचा शब्द राहिलाय.

मग स्वप्नाचं काय झालं? ग्रामीण सेवेच्या पदविका सुरू झाल्या, पण नोकरी देणारा माणूस विचारायचा बीए आहेस का. पोरांना आणि आईबापांना डिग्री पाहिजे होती आणि त्यात त्यांचं काय चुकलं, मला तरी काय चुकलं वाटत नाही. देशभरातल्या ह्या बहुतेक संस्था हळूहळू जवळच्या विद्यापीठाला जोडल्या गेल्या. माझं मत विचारशील तर मला एक हळहळ वाटते, की अभ्यास करणारी संस्था मुंबईत आणि मग पुण्यात, आणि प्रत्यक्ष करून बघायची जागा गारगोटीत. माणूस एकच होता म्हणून दोन्ही जोडलेलं होतं, माणूस दिल्लीला गेला आणि मधला दोर सैल झाला. हे माझं मत हं, गारगोटीची जुनी मंडळी वेगळं सांगतील, त्यांनाही विचार.

प्रश्न : गावात कॉलेजची दोन पोरं कागद घेऊन आली, थेट घरात आली आणि माझ्या नातवाला गोष्ट वाचायला लावली, वजाबाकी घातली. शाळा समोर आहे, तिथं का गेली नाहीत? आणि नातू अडखळला तर त्याचे मार्क कापतील काय? (एक आजी, करवीर तालुका)

उत्तर : आजी, आधी शेवटचं सांगतो म्हणजे जिवाला घोर नको, मार्कबिर्क काय कापत नाहीत, शाळेला नातवाचं नाव कळवतही नाहीत.

वर्णनावरनं ही "असर"वाली पोरं वाटतात. असर म्हणजे परिणाम. प्रथम नावाची संस्था आहे, १९९० च्या दशकात मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या बालवाड्यांपासून सुरू झालेली, माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी उभी केलेली. त्यांनी २००५ पासून हे सर्वेक्षण चालू केलं. जिल्ह्यातली ३० गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, प्रत्येक गावात २० घरं, म्हणजे जिल्ह्यात ६०० घरं झाली. घरातल्या ५ ते १६ वयाच्या पोरांना एकेकट्याला बसवून वाचायला द्यायचं, आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीचा सोपा उतारा, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. गणितात आकडे ओळखणं, हातच्याची वजाबाकी, आणि मग तीन अंकी संख्येला एका अंकानं भागायचं. झालं एवढंच. तुमच्या स्वयंपाकघरात बसून तुम्हाला पण समजतंय की पोराला येतं का नाही, हाच त्यातला मुद्दा आहे.

आणि शाळेत का गेली नाहीत, हा प्रश्न आजी तुम्ही लाखाचा विचारलात. शाळेत गेलं की शाळेत आलेलीच पोरं सापडतात. जे पोर उसाच्या फडात गेलंय, जे ताप आला म्हणून झोपलंय, जे इंग्लिश मिडियमच्या पिवळ्या बसमधनं तिसऱ्या गावाला जातंय, जे नावाला पटावर आहे पण दिसत नाही, ती सगळी घरी सापडतात. बरेचदा रविवारीच येतात ते याचसाठी. आणि दुसरं, मी गुरुजी होतो म्हणून सांगतो, साहेब येणार म्हणल्यावर आम्ही हुशार पोरं पुढच्या बाकावर बसवायचो, अडखळणारी मागं. घरात बाक नसतोय.

गुरुजी लोकांचा ह्या असरवर राग आहे, मला माहीत आहे, मी पण रागावलेलो. दरवेळी पेपरात हेडलाईन, पाचवीच्या निम्म्या पोरांना दुसरीचं वाचता येत नाही, की लगेच चहाच्या टपरीवर पण लोक आम्हाला ऐकवणार. आकडा देशाचा असतोय, ऐकायला लागतंय पाचगावच्या मास्तराला. पण खरं सांगायचं तर तो आकडा वर्षानुवर्षं निम्म्याच्या आसपासच घोटाळतोय, कोविडनंतर त्याच्याही खाली गेलेला, आणि राग येऊन तो वर जात नाही. पुढं मी काय केलं, असरचीच ती अक्षर-शब्द-उतारा-गोष्ट पद्धत घेऊन माझ्या वर्गात बसलो, एकेका पोराला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. चौथीचा वर्ग, एकतीस पोरं. सहा जणांना जोडाक्षर दिसलं की घाम फुटायचा आणि त्यातली दोघं कविता तोंडपाठ म्हणायची म्हणून मी त्यांना "वाचता येतं" असं धरून चाललो होतो, तीन वर्षं. त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही.

नातू कुठं अडखळला ते त्याच्या बाईंना जरूर सांगा.

प्रश्न : शिक्षणावर सहा टक्के खर्च करा असं सगळे पक्ष म्हणतात. हा सहाचा आकडा आला कुठनं? (निवृत्त मुख्याध्यापक, गडहिंग्लज)

उत्तर : सर, तुम्हाला माहीतच असणार, पोरांसाठी विचारलंय असं धरतो. कोठारी आयोग, १९६४ ते ६६, ज्याचे सदस्य-सचिव पुन्हा आपले नाईक. आयोगानं नऊ हजारावर लोकांशी बोलून, चोवीसशेवर निवेदनं वाचून २९ जून १९६६ ला अहवाल दिला आणि त्यात हिशेब मांडला की १९८५-८६ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर जायला पाहिजेत. १९६८ च्या धोरणानं मान्य केलं, १९८६ च्या धोरणानं पुन्हा म्हणलं, १९९२ ला पुन्हा, आणि २०२० च्या धोरणात परत तेच आहे, वर कबुली पण आहे की केंद्र-राज्य मिळून खर्च ४.४३ टक्क्यांच्या आसपास आहे. साठ वर्षं झाली की हो, पोरगं पहिलीत घातलेलं रिटायर झालं.

प्रश्न : नवीन धोरणात "शाळा संकुल" म्हणून काहीतरी आलंय, त्यानं आमची वाडीची शाळा बंद होणार काय? (शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, शाहूवाडी)

उत्तर : संकुल नवीन नाही. हेपण कोठारी आयोगाचंच, आणि २०२० च्या धोरणातच लिहिलंय की ही कल्पना १९६४-६६ च्या आयोगाची होती आणि नीट अमलात आली नाही. कल्पना अशी की एक माध्यमिक शाळा आणि तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा यांनी एकमेकांना धरून राहायचं, प्रयोगशाळा, ग्रंथालय, चित्रकलेचे शिक्षक वाटून घ्यायचे, म्हणजे वाडीवरचा एकटा गुरुजी एकटा पडणार नाही. आपल्याकडचे केंद्रप्रमुख, केंद्रशाळा त्याच वळणाचे, फक्त केंद्रप्रमुखाचा निम्मा वेळ माहिती गोळा करण्यात जातोय.

वाडीची शाळा बंद होणार का, हे मी सांगू शकत नाही, ते पटावर आणि सरकारच्या मनावर आहे. पण संकुल शब्दाचा मूळ अर्थ शाळा जोडणं आहे, मोडणं नव्हे, हे समितीच्या बैठकीत ठणकावून म्हणा आणि ठरावात लिहून घ्या. शाहूवाडीच्या पावसात सहा वर्षाचं पोर चार किलोमीटर चालत जाणार नाही, एवढं तर कुठल्या आयोगाशिवाय कळतंय.

आणि हे लिहिताना राहवत नाही म्हणून, ज्या मातीत १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला, त्याच मातीत आता शाळा पोरापासून लांब न्यायची चर्चा होते, तर मग रुपया कुणाकडनं घ्यायचा?

प्रश्न : लीलाताई पाटलांची सृजन आनंद शाळा ही संशोधन संस्था म्हणायची का? आमच्यात पैज लागलीय. (दोन मैत्रिणी, बीएड प्रथम वर्ष)

उत्तर : पैज किती रुपयांची ते कळवलं नाहीत. कागदावर बघाल तर शाळा. १९८५ मध्ये लीलाताईंनी कोल्हापुरात सुरू केली, शिक्षक घडवायच्या क्षेत्रात बरीच वर्षं काढल्यावर, म्हणजे ज्या वयात लोक नातवंडं खेळवतात त्या वयात. २०२० च्या जूनमध्ये त्या गेल्या, त्र्याण्णव वर्षांच्या होऊन.

पण ज्यांनी म्हणलं "होय, संशोधनच", त्यांच्या बाजूनं मी. कारण तिथं शिक्षक काय घडलं ते लिहायचे, मूल असं का म्हणालं यावर बसून बोलायचे, उद्याचा तास त्यावरनं ठरायचा, आणि ताईंनी स्वतः ह्या सगळ्याबद्दल भरपूर लिहून ठेवलं. त्यात टक्केवारी कमी आणि मुलं जास्त आहेत. विद्यापीठात हे चालेल का माहीत नाही, तुमच्या गाईडनी विचारलं तर माझं नाव सांगू नका. हरलेलीनं जिंकलेलीला खाऊगल्लीत राजाभाऊंची भेळ द्यावी.

प्रश्न : आम्ही पाच मित्र, आयटीत आहोत, उजळाईवाडीत राहतो. आसपासच्या मराठी शाळा सुधारायला एनजीओ काढायची आहे. रजिस्ट्रेशन कसं करायचं? लोगो तयार आहे. (एक वाचक)

उत्तर : लोगो तयार आहे हे वाचून हसलो, माफ करा. रजिस्ट्रेशन सोपं आहे. तीन रस्ते. एक, सार्वजनिक विश्वस्त कायदा १९५० खाली ट्रस्ट. दोन, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली संस्था, त्याला किमान सात माणसं लागतात, तुम्ही पाच, म्हणजे दोन पाव्हणे शोधायला लागणार. आपल्या राज्यात ह्या दोन्हीचं काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातनं चालतं. तीन, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली नफा न वाटणारी कंपनी. मग संस्थेला आयकरात सूट मिळायची नोंदणी आणि देणगीदारांना सवलत मिळावी म्हणून वेगळी मान्यता. चांगला सीए धरा, आठवडे नव्हे, महिने लागतील असं समजून चाला.

पण भावांनो, त्याच्या आधीचं सांगतो. एक शाळा घ्या. एकच. गुरुजींना आणि बाईंना विचारून, त्यांच्या डोक्यावर न बसता, जून-जुलैत प्रत्येक पोराचं वाचन एकेकट्यानं बघा आणि लिहून ठेवा. मग तुमची जी काय आयडिया असेल ती करा, टॅब देणार असाल तर टॅब, गोष्टीची पुस्तकं देणार असाल तर पुस्तकं. डिसेंबरात परत बघा. आणि शेजारच्या गावातली तशीच एक शाळा, जिथं तुम्ही काहीच केलं नाही, तिथं पण दोन्ही वेळा बघा, नाहीतर पोरं आपोआप सहा महिन्यांनी मोठी झाली त्याचं श्रेय तुमचा टॅब घेऊन जाईल.

हे माझ्या डोक्यातलं नाही. प्रथमनं मुंबईत आणि बडोद्यात बालसखी म्हणून उपक्रम केलेला, तिसरी-चौथीतली जी पोरं मागं पडलीत त्यांना वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी शाळेच्याच वेळात दोन तास वेगळं बसवून शिकवायची. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो वगैरे मंडळींनी २००१ ते २००३ मध्ये काही शाळांत बालसखी देऊन आणि काहींत न देऊन मोजलं, आणि दिसलं की सगळ्यात मागं असलेल्यांचाच जास्त फायदा झाला. बडोद्यातल्या शाळांत कॉम्प्युटरवरच्या गणिताच्या खेळांचं पण मोजलं होतं, गणितात फायदा दिसला, म्हणजे मी टॅबच्या विरोधात नाही, मोजल्याशिवायच्या टॅबच्या विरोधात आहे. ह्या जोडीला पुढं २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, मायकेल क्रेमर यांच्याबरोबर, असेच प्रयोग करून गरिबीवरचे उपाय तपासले म्हणून.

आणि एक, नाईकांनी १९७५ मध्ये एक त्रिकोण मांडलेला, त्यांच्या पुस्तकाच्या नावातच आहे तो, समता, गुणवत्ता आणि संख्या. तिन्ही कोन एकदम हातात येत नाहीत, एक ओढला की दुसरा निसटतो. तुम्ही शंभर शाळा घेतल्या तर एकाही पोराचं नाव माहीत होणार नाही, एका शाळेत जीव ओतला तर शेजारची शाळा म्हणणार आम्ही काय पाप केलं, आणि हुशार पोरं घेऊन बक्षिसं मिळवलीत तर मग विषयच संपला. ह्याला उत्तर नाही माझ्याकडं. पण लोगोच्या आधी ह्या तीन कोनांवर पाच जण रंकाळ्यावर बसून एकदा भांडा.

प्रश्न : ५ सप्टेंबरला मुलीला शाळेत भाषण करायचंय. दरवर्षी तेच राधाकृष्णन. वेगळं काय सांगू? (एक आई, कसबा बावडा)

उत्तर : राधाकृष्णन राहू देत, त्यांचा दिवस आहे. पण त्याच तारखेला, ५ सप्टेंबर १९०७ ला, आपल्या जिल्ह्यात एक पोरगा जन्मला हे सांगायला दोन मिनिटं घ्या. एवढा अंक वाचून झालाच आहे तर भाषण तयारच आहे की. तुरुंग, उप्पिन बेटगेरी, गारगोटी, कोठारी आयोग, महिना एक रुपया पगार. युनेस्कोनं जगभरातल्या शिक्षणविचारवंतांवर शंभर लेखांची माला काढली त्यात टागोर, गांधीजींच्या बरोबर ह्यांचं नाव आहे, हे सांगितलं की मागच्या रांगेतले गुरुजी पण मान वर करतील. अवघड शब्द घालू नका, लेकरू अडखळेल.

आणि भाषणाच्या आधी फळ्यावर मूळ नाव लिहून ठेवायला सांगा, कुणाचं म्हणून सगळे विचारतील : विठ्ठल हरी घोटगे, मुक्काम बहिरेवाडी, तालुका आजरा.